कर्ता

सकाळी ते खांब चढतात.
कॉलेजच्या मागच्या मैदानात, पार्किंगच्या पलीकडे
चाळीस खांब उभे आहेत, एकाही तारेला न जोडलेले;
कोणीतरी जंगल लावायला घेतलं
आणि खोडांपाशीच कंटाळलं, तसे.

दुपारी एकला ते माझ्या वर्गात येतात.
खोली एकशे चौदा. इंग्रजी लेखन, तीन क्रेडिट, सक्तीचं.
अंगाला डांबरतेलाचा वास,
बुटांचा बर्फ बाकाखाली वितळत राहतो,
आणि मघाशी हवेत लटकून नट पिळणारे हात
पेन असं धरतात की जणू मोडेल.

त्यांचे मास्तर टॉफ्टे त्यांना एकच गोष्ट शिकवतात :
जमिनीला जोडेपर्यंत तार मेलेली नसते.
मी शिकवते : वाक्याला कर्ता हवा.
त्यांचा नियम पोरांना झोपेतही पाठ आहे,
कारण तो विसरला तर माणूस जातो.
माझा विसरला तर अर्धा गुण.

फेब्रुवारीत मी म्हटलं, घरातला एखादा जुना कागद आणा,
सरळ इंग्रजीत पुन्हा लिहा.
कोणी ट्रॅक्टरची वॉरंटी आणली, कोणी बँकेची नोटीस.
ब्रॅन्सन ओडेगार्डने आणला एक अपघाताचा अहवाल,
अकरा वर्षांपूर्वीचा, झेरॉक्सची झेरॉक्स :

वाहिनी बंद असल्याचे गृहीत धरण्यात आले.
अर्थिंग लावण्यात आलेले नव्हते.
कर्मचाऱ्याचा डावा हात कोपरापासून काढावा लागला.

मी समासात हिरव्या शाईने लिहिलं :
कोणी? कोणी? कोणाचा?

तास संपल्यावर तो थांबला.
टोपी काढून टेबलावर ठेवली, मग पुन्हा हातात घेतली.
"मिसेस व्हीच, खालची सही बघा. फोरमन. माझे बाबा.
हात गस विट्कोचा.
गस दर नाताळला येतो आमच्याकडे.
उजव्या हाताने टर्की कापतो, बाबा ताट धरतात.
त्याबद्दल बोललं जात नाही आमच्याकडे."

त्या शेवटच्या वाक्यालाही कर्ता नव्हता.
मी काही म्हटलं नाही.

पुढच्या सोमवारी त्याने कागद दिला. एवढंच होतं त्यावर :

माझ्या वडिलांनी अर्थिंग लावलं नव्हतं.
हे गसला तेव्हाच माहीत होतं.
साक्षीदार म्हणून दुसरी सही त्याची आहे.
गस डावखुरा होता.

मी मूळ कागद पुन्हा काढला.
कोपऱ्यात होती ती सही, मी शाईचा डाग समजले होते ती;
पहिलीतल्या पोराची असावीत अशी अक्षरं,
ओळीखाली घसरत गेलेली, उजव्या हाताची,
हॉस्पिटलच्या खाटेवर केलेली असणार.
आणि वर ती तीन वाक्यं,
ज्यांतून एक नाव
कोणीतरी ठरवून बाहेर ठेवलं होतं.
वीस वर्षं मी अशा वाक्यांना भित्री म्हणत आले.

गुण द्यावेच लागतात, म्हणून दिले.
माझे तीन प्रश्न मात्र खोडले,
आणि खोडल्यावर ते जास्तच ठळक दिसायला लागले.

एप्रिलमध्ये बर्फाचं वादळ आलं.
तारांवर मनगटाएवढा बर्फ; एकोणीस तास अंधार.
स्वयंपाकघरात कोट घालून, विजेरी हनुवटीखाली धरून
मी निबंध तपासत बसले.
पहाटे तीनला फ्रिज हुंदका दिल्यासारखा दचकला.
शेजारची मार्व्हेल जिन्यातून ओरडली, "लाइट आली!"

आली. सगळा गाव असंच म्हणतो,
जणू ती आपल्या पायांनी
नदीवरून चालत आली.

मी खिडकीची काच बाहीने पुसली.
रस्त्याच्या टोकाला, पिवळ्या दिव्याच्या वर, बकेटमध्ये
हातमोजा दातांत धरून
कोणीतरी बोटांवर फुंकर घालत होतं.