साडेसात मिलिसेकंद

सकाळचे साडेआठ. ग्रोनिंगनमध्ये बाहेरही अंधारच आहे,
पण तो आमच्या नियमात बसत नाही.
आमचा अंधार वेगळा. दार लावून घ्यायचं
आणि वीस मिनिटं गप्प बसायचं.
गप्प मात्र कुणी बसत नाही.

तांबड्या बारीक दिव्यात मला तिचे फक्त हात दिसतात,
साखळी ओढून ओढून रुंद झालेले.
नाव बाउक्ये. वय छप्पन्न.
स्नीकजवळच्या कालव्यावर जुना पूल आहे, तो ती उचलते.
होडी आली की रस्ता उभा राहतो,
मग गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून ती खाली सोडते,
नावाड्यानं त्यात नाणं टाकायचं.

"ऑक्टोबरात दिवेलागणीला बूट कुठं लोंबतोय ते दिसेना.
खळ्ळ आवाज झाला, म्हणून ओढला.
आणि लाल कंदील, हिरवा कंदील,
दोन्ही एकाच पाण्यात धुतलेले."

तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ तिनं वाचली होती.
गावच्या डॉक्टरनं खांदे उडवले.
चष्मेवाल्यानं पुसायला नवं कापड दिलं.
नवरा म्हणाला, वय.

मी थेंब टाकून डोळा बधिर करते.
खालच्या पापणीच्या काठाशी चांदीचा धागा ठेवते,
केसाहून बारीक.
"पाणी येईल," मी म्हणते.
"पाण्याशीच तर संसार," ती म्हणते.

आधी अगदी मंद उजेड, काजव्याएवढा.
मग लख्ख.
मग दिवे लावून दहा मिनिटं,
आणि मग लुकलुक, सेकंदाला तीस वेळा.
डोळा बोलतो, पण इतकं हळू
की पापणी लवली तरी बोलणं बुडतं.
दात आवळू नका, बाउक्ये.
गिळू नका आत्ता.

पडद्यावर लाट येते. सुबक आहे, उंचीही बरी.
फक्त तिसाव्या मिलिसेकंदाला जिथं शिखर हवं
तिथं नाही.
साडेसदतिसाव्याला आहे.
मी पुन्हा घेते. दुसरा डोळा घेते.
तिथंही तेच.

एवढ्या उशिरानं पूल उचलला
तर एकही नावाडी शिवी देणार नाही.

मला काही सांगायची परवानगी नाही.
ती विचारते, "माझं खोटं नव्हतं ना?"
मी कागद तिच्यापुढे धरते.
बाहुल्या ताणलेल्या, जवळचं सगळं धूसर,
म्हणून ती बोट फिरवते त्या सपाट रेघेवरून
आणि उंचवटा शोधते.

दुपारी वरच्या मजल्यावर रंग टोचले.
आधी पिवळा: शिरा थोड्या पाझरल्या, इतकंच.
मग हिरवा, जो खालच्या थरापर्यंत उतरतो.
तिथं मात्र काळे ठिपके, नसेच्या बाजूनं, खाली,
पसरत गेलेले, बार उडाल्यासारखे.
रोगाचं नावही त्यावरूनच आहे, छर्‍यांवरून.

चित्र बघायचं म्हणाली. पडदा हातभर लांब ढकलून बघितलं.
"बाबा रानबदकं मारायचे.
जेवताना दाताखाली छर्रा यायचा.
आई म्हणायची, ताटलीच्या कडेला ठेवा, मोजा,
ज्याचे जास्त त्याला सायीचं पुडिंग."
आणि ती मोजायला लागली, मोठ्यानं.
नऊ. दहा. अकरा.
सतराला थांबली.
"दुसरा डोळा राहू दे," म्हणाली.

डॉक्टर ओल्डेनहाउस गोळ्यांचं सांगत होते,
रक्ततपासणीचं, सहा महिन्यांनी पुन्हा माझ्याकडे येण्याचं.
साडेसातातले किती परत येतील
ते त्यांनी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.
तिनं विचारलं ते लघवीबद्दल: "हळदीसारखी पिवळी राहणार?"
उद्यापर्यंत, मी म्हटलं.

निघाली तेव्हा बर्फावर ऊन पडलं होतं.
काळा चष्मा लावून ती चौकात उभी राहिली.
मी खिडकीतून बघत होते, हातात गुंडाळलेली तार.
सिग्नल बदलला.
ती हलली नाही.
शेजारच्या पोरानं पाऊल टाकलं,
मग तिनं.