ओरिसियाची वही

जूनच्या सातव्या रात्री दंव गोठलं.
सकाळी टोमॅटोची रोपं शिजलेल्या पालकासारखी.
ओरिसियाने वहीत लिहिलं,
टोमॅटो गेले. बीट आहे.

मग वारा. तीन आठवडे नुसता वारा.
सास्काचेवानची कोरडी माती उडून
मिकोलाच्या ट्रकवर जाऊन बसली.
"माझी बाग तुझ्याकडे राहायला आलीय,
तेवढं पाणी घालत जा,"
कुंपणावरून ती त्याला म्हणाली.

जुलैत गारा, अक्रोडाएवढ्या.
कोबीच्या पानांची जाळी झाली.
डोक्यावर बादली धरून ती वाफ्यात उभी,
कुणाला वाचवायला, कुणास ठाऊक.
त्या दिवशीचं पान कोरं आहे.

ऑगस्टभर उत्तरेकडच्या वणव्यांचा धूर.
सूर्य गाजराच्या चकतीसारखा,
आणि खरं गाजर
करंगळीएवढं.
तिने ते धुतलं, पदराशी असलेल्या एप्रनला पुसलं,
कट्कन मोडून अर्धं मला दिलं.
थोडं कडूच होतं.

शेपू मात्र कुणी न पेरता उगवला,
फरशीच्या भेगेत, शेडमागे, जिथे तिथे.
"मेल्याला बोलावलं कुणी होतं!" ती म्हणाली,
आणि वेलावर एक काकडी नसताना
लोणच्याच्या बाराही बरण्या धुऊन
धुरकट उन्हात पालथ्या घातल्या.