हातचा एक

येओव्हिलमध्ये, बंद पडलेल्या चामड्याच्या कारखान्यामागे,
हातमोज्यांचं एक खोलीभर संग्रहालय आहे.
गुरुवारी किल्ली माझ्याकडे असते.
किल्ली, हीटर, सुट्या पैशांचा बिस्किटांचा डबा
आणि मुठीत मावणारं मोजणीयंत्र:
माणूस आत आला की अंगठा दाबायचा. टक्.
म्हातारा, टक्. त्याची नात, टक्.
कुत्रा मोजायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही.

संध्याकाळी आकडा वहीत.
अकरा. सात. पाऊस होता त्या दिवशी दोन,
त्यातला एक नुसता आडोशाला आलेला.
मग बाजूचं चाक फिरवलं की पुन्हा चार शून्यं.

मार्चमध्ये पेटिफरसाहेब एक पांढरी डबी घेऊन आले,
साबणाच्या वडीएवढी.
चौकटीवर लावली, की म्हणे खिशातल्या फोनची चाहूल तिला लागते:
कोण किती वेळ थांबलं, कुठल्या कपाटापाशी,
गेल्या आठवड्यातलंच परत आलं का.
"नाव नाही हो घेत. समज, खिशात बिस्किटाचा एक कण टाकून ठेवायचा,
पुढच्या वेळी त्यावरून ओळखायचं.
दारात पाटी लावू, आपली हरकत नाही ना?
पाट्या कोण वाचतं, हेमांगी,
सगळे हो म्हणून आत येतात."
अनुदानाच्या अर्जात एक रकाना आहे: पुन्हा येणारे.
तो रिकामा बरा दिसत नाही.
माणूस वाईट नाही. छप्पर गळतं,
खालची बादली त्यांनीच घरून आणलेली.

पुन्हा येणारी एक आहे.
गुरुवारी तीनच्या सुमारास, भाजीची पिशवी घेऊन,
तिसऱ्या कपाटापुढे उभी राहते,
जिथे लहान मुलाचा एकच हातमोजा आहे, डावा.
मी तेव्हा पावत्या लावत बसते.
लावायला पावत्या नसतात.

इथे आले त्या वर्षी, क्रॉयडनला,
काचेवर माझी दहा बोटं घेतली होती.
आधी चार, मग चार, मग दोन्ही अंगठे.
उजवा नीट उमटेना. जरा दाबून, बाई म्हणाली.
मग तिने फडक्याने काच पुसली
आणि मला वेडीला वाटलं, पुसलं गेलं.

बैठकीत मी एवढंच म्हटलं, आकडे हवे तेवढे घ्या.
पुढचं इंग्रजीत नीट जमलं नाही.
पेटिफरसाहेबांनी चहा संपवला,
डबी खोक्यात घातली, खोकं बादलीशेजारी ठेवलं.
रकान्यात लिहिलं: मोजत नाही.
अनुदानाचं पत्र अजून आलेलं नाही.

संगमनेरच्या शाळेत गद्रेबाई बेरीज शिकवायच्या:
सात आणि आठ पंधरा, पाच मांडा, हातचा एक.
पाटीवर तो लिहिला की छडी.
बोट दुमडून मुठीत धरायचा.

गेले तीन गुरुवार ती आलेली नाही.
कुणाला विचारू? माझ्याकडे तिचं काहीच नाही,
नाव नाही, रस्ता नाही, केसांचा रंगही आता खात्रीने सांगता येणार नाही.
आज नऊ. वहीत नऊ लिहिले.
हीटर बंद केला, कुलूप घातलं,
बसथांब्यापर्यंत आले तेव्हा लक्षात आलं,
करंगळी अजून दुमडलेलीच आहे.