साखरपुडा, रबाळे एमआयडीसी

हळदीचा रेणू पाण्यात उतरत नाही.
चमचाभर पूड चंचुपात्रात टाकली, तासभर ढवळली,
थांबलं की तळाशी जाऊन बसतो,
घणसोलीच्या आमच्या मामासारखा:
लग्नाला आला, पण मांडवात येईना.

दिघ्याचा तांडेल म्हणतो, मॅडम, याचं जमवा आता.
मग आम्ही जमवतो.
सदतीस अंश, रात्रभर मंद हलतं टेबल,
मध्यस्थ एक विकर,
त्याला दोन्हीकडच्यांची नाडी ठाऊक.
रेणूच्या टोकाला ऑक्सिजनचा हात मोकळा असतो,
तिथे तो ग्लुकोजचा एक कण बांधतो.
दुसऱ्या टोकालाही एक.

सकाळी नळी उजेडात धरली:
तळ रिकामा.
पिवळा सगळा पाण्यात, आरपार,
पलीकडे पारसिकचा डोंगर दिसावा इतका.

लोकांना वाटतं, साखर लावली म्हणजे गोड झालं असेल.
साखर इथे चवीला नसते, सोबतीला असते.
पाण्याशी तीच बोलते,
एकट्याला जिथे कुणी उभं करत नाही
तिथून हात धरून आत नेते.
कधी उलटंही. व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगेत
वास साखरेनं बांधून ठेवलेला असतो,
नाकाला पत्ता लागत नाही.
निळीचं पान हिरवंच राहतं,
साखर सुटेपर्यंत.

माझा झाला होता कोपरखैरण्याच्या हॉलमध्ये.
पाचशे पानं उठली.
त्यानंतर सगळे माझ्याशी नीट बोलू लागले,
बँकेतला माणूससुद्धा.
मी सहज विरघळत होते कुठेही.
मोडला तेव्हा आईनं हळद दळून आणलेली होती, सात किलो.
ती अजून संपते आहे.

अहवालात शेवटची ओळ दर वेळी तीच:
आतड्यात पोचल्यावर साखर तुटते,
मूळ रेणू मोकळा होतो, कामाला लागतो.
मग एवढा खटाटोप कशाला, तांडेल विचारतो.
पोचायला, मी म्हणते,
आणि नळ्या धुवायला घेते.

कोटाच्या बाहीवर जुना डाग आहे,
साखरेच्या आधीचा, म्हणून न जाणारा.
साबण लागला की क्षणभर कुंकवासारखा लाल होतो.
पाणी ओतलं की
पुन्हा पिवळा.