बाटली क्रमांक तेवीस

सळईच्या कारखान्यात पाळी सुटते तेव्हा
मी फाटकापाशी स्टूल टाकून बसलेली असते.
समोर चौसष्ट बाटल्या, पांढऱ्या, आट्यांच्या झाकणांच्या,
आणि एक वही.
जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत संध्याकाळचे सहा,
भट्टीची धग भिंतीतून अजून बाहेर येते आहे.
माणसं बाटली घेतात, नजर टाळतात,
पत्र्याच्या आडोशाला जातात
आणि परत येतात ती बाटली रुमालात गुंडाळून,
जणू चोरीचा माल.

मोजायचं एवढंच:
आठ तास घाम गाळलेल्या देहात
मीठ कुणी धरून ठेवलं, आणि पाणी कुणी.

मुठीएवढे दोन अवयव, पाठीकडे, बरगड्यांच्या आडोशाला.
दिवसाला एकशेऐंशी लिटर गाळतात
आणि जवळपास सगळं परत करतात.
दीड किलो मीठ रोज त्यांच्या हातून जातं,
हिशेब चिमटीपर्यंत लागतो.
एक नळी खाली उतरते, तिथे पाणी झिरपून जातं;
तीच वळून वर येते, तिथे मीठ सुटतं,
पाण्याला मात्र बंदी.
या उतरण्या-चढण्यातून आत खोलवर
खारटपणा साठत जातो,
मे महिन्यात आडाच्या तळाशी साठतो तसा.
मग मेंदूकडून निरोप येतो: तहान आहे.
शेवटच्या नळ्यांच्या भिंतींत
पाण्याची बारीक दारं उघडतात,
आणि तो खारटपणा पाणी मागे ओढून घेतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा
मला बाबा दिसले होते.
नगरपालिकेची लांब चावी खांद्यावर,
रात्री दोनला सायकलवरून निघालेले.
कादराबादला साडेसात आटे, चमडा बाजारला पाच,
वही नव्हती, सगळं मनगटात पाठ.
लोक खिडकीतून शिव्या द्यायचे.
बाबा म्हणायचे, मी काय पाणी करतो का?
मी निस्तं वाटतो.

मूत्रपिंडाचंही तेवढंच आहे.
वाचवतं. राखतं. कंजूष होतं.
नसलेला थेंब त्यालाही आणता येत नाही.

तेवीस नंबरचा नमुना पाण्यासारखा निघाला.
भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा!
क्षार नावाला, क्रिएटिनिन जवळजवळ नाहीच.
यंत्र पुसलं, पुन्हा लावलं, तोच आकडा.
इतकं पातळ कुठल्याच मूत्रपिंडाला जमत नाही.
मग झाकण उघडून नाकाशी धरलं:
क्लोरीन.

तेवीस म्हणजे कचरू निकाळजे,
चिमट्यानं लाल सळई ओढणारा, बोलण्यात मोजका.
दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन विचारलं,
तर कितीतरी वेळ हातमोजे काढत-घालत राहिला.
मग म्हणाला,
"मॅडम, रंग लई वंगाळ होता. कोऱ्या चहावानी.
लेकीच्या वयाची तुम्ही, तुमच्या हातात कसा द्यावा?
म्हून समदं ओतून दिलं, थेंबभर ठेवलं,
आन् वरून पाणी घातलं."
कुठलं पाणी?
"प्यायचं. माझ्या बाटलीतलं."

त्या दिवशी नळाला पाणी येऊन
नववा दिवस होता.

मी त्याला सोमवारी दवाखान्यात यायला सांगितलं,
रक्त तपासू, घाबरू नका, खाडा धरणार नाहीत.
नवी बाटली दिली.
वहीत तेवीससमोर लिहिलं: बाद.
कारणाच्या रकान्यात 'पाणी मिसळले' एवढंच मावलं.

घरी बाबा अळणी वरणात भाकरी कुस्करत बसले होते,
डॉक्टरांनी मीठ तोडलंय.
"कामून गं उशीर?"
सांगितलं सगळं, नाव वगळून.
ते हसतील असं वाटलं होतं.
घास तसाच हातात.
"किती घातलं त्यानं?"
पेलाभर असेल.
"पेलाभर," ते म्हणाले,
आणि ताट सरकवून
सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबून पाहू लागले.
खळगा पडला.
आम्ही दोघं
तो भरायची वाट बघत राहिलो.