वरच्या बाजूचा रकाना

बोरकुटे मॅडमनी टेपचं एक टोक धरलं, दुसरं मी.
नऊ फुटांना चार बोटं कमी.
रंग काळपट, एका अंगानं भाजल्या वांग्यासारखा.
वजन: चौघांना उचललं नाही.
किंमत: तूर्त सांगता येत नाही.
मालक... इथे मॅडमचा पेन थांबला,
मग बारीक अक्षरात उतरलं, चौकशीअधीन.

चतुःसीमा मी सांगितल्या, मला पाठ आहेत:
पूर्वेस वामन गुरनुलेची बांधी, पश्चिमेस नहर,
दक्षिणेस पांदण, उत्तरेस झुडपी जंगल.
वरून पडलेल्या वस्तूच्या कागदात
वर काय आहे
याला रकाना नव्हता.

सारं मोहबोडी बांधीत लोटलं होतं.
कोणी म्हणे चीनचं, कोणी म्हणे आपलंच, हातून सुटलेलं.
भंगारवाल्या शकीलनं बोटानं वाजवलं
आणि मान हलवली: हे माझ्या काट्यावरचं नाही.
सातवीतली सृजना सांगत होती,
वर जाताना रॉकेट आपलं अंग टाकत टाकत जाते,
काम झालं की टाकते.
पर्बताबाई सगळ्यात शेवटी आली, म्हणाली,
"पडताना आत कोणी होतं का जी?"
पोट्टे हसले. उत्तर कोणी दिलं नाही.

"कोतवाल, रात्रभर तुम्ही बसा. सकाळी तहसीलदार येतील."
बसलो. कुऱ्हाड, बॅटरी, चुन्याची डबी.

आता खरं सांगतो.
अंतराळात मी याआधी एकदा जाऊन आलो आहे.
एक्क्याण्णवची मंडई, 'चंद्रावर नांदते लेक माझी',
तीन अंकी, पडदे वडशाचे.
डोक्यावर जर्मनचा गंज, तोंडापुरता कापलेला,
अंगाला युरियाची पोती, चांदीचा रंग मारून.
रॉकेट डांबराच्या दोन पिंपांचं. दोर ओढणारे चौघे,
त्यातले दोघे प्यालेले.
आठ फुटांवर कप्पी अडकली.
धड पृथ्वी नाही, चंद्र नाही, मधेच लोंबकळत मी.
खालून नायिका, नागपूरची बाई, मुरलेली,
पदर सावरत म्हणाली, "नाथ, तिकडची हवा कशी आहे?"
हे नाटकात नव्हतं.
मी म्हणालो, "हवाच नाही गं इकडे."
हजार माणूस हसलं,
मग हसता हसता एकदम गप झालं,
काहून, ते मला अजून कळलं नाही.
ऑर्गनवाल्यानं एकच सूर दाबून धरला.
वरून गाव दिसत होतं: बिड्यांची टोकं,
लाल, दूरदूर, एखादी ओढली जाणारी,
एखादी विझून गेलेली.

दीडच्या सुमारास जंगलात चितळ ओरडलं.
मग माकडं. मग काहीच नाही.
ते काहीच नाही फार जवळ होतं.
मी कड्यात शिरलो.
गुडघाभर उंचीचं कडं, त्यानं काय वाचणार,
तरी पाय ओढून बसलो मधोमध,
बुडाला धसकटं टोचत,
नाकाशी कुठल्यातरी जळक्या रंगाचा वास.
बॅटरी विझवली.
पहाटेकडे वर एक ठिपका चालत गेला,
न लुकलुकता, घाई नसलेला,
ताकीद देऊन दौंडीवाला पुढच्या गल्लीत वळावा तसा.
त्यातून कोणी खाली पाहत असेल तर
मी दिसलो नसेन.
बिडीसुद्धा पेटवली नव्हती.

सकाळी बांधावरच्या फुफाट्यात वाघाचे पंजे,
कड्यापासून बारा हातांवर येऊन वळलेले.
मॅडम म्हणाल्या, ते वनखात्याच्या कागदात, यात नको.
ट्रॅक्टर आला. कडं चढवलं, वर ताडपत्री टाकली.
बांधीत गोल उरला,
गोलाच्या आत धसकटं दबलेली, माणूस मावेल एवढी.
वामन विचारत होता, इथे आवत्या टाकली तर चालते का.

सही करताना शेऱ्याच्या जागी मी लिहिलं:
आत कोणी होते काय?
होय. रात्री दीड ते पाच.

मॅडमनी ती ओळ खोडली नाही.
वाचलीच नसावी, ट्रॅक्टर सुरू झाला होता.