हातचे

फेब्रुवारीत सुपीरियर सरोवर काठाकाठाने गोठत जातं
तेव्हा ताउनोमामाच्या शेडमधला लोखंडी स्टोव्ह
सकाळी सहालाच लाल होतो.
बाहेर, छातीइतक्या बर्फाखाली,
माश्या एकमेकींना बिलगून
अंग थरथरवत ऊब धरून आहेत.
आम्ही त्यांच्यासाठी घरं कापतो.
पाइनच्या फळ्या, पाऊण इंच जाड.
गाठीवाल्या वेगळ्या काढलेल्या, सरपणाला.

"बाह्या वर कर," तो म्हणतो. "हातमोजे काढ.
गारठू देत बोटं.
मोजा पात्यात ओढला गेला
तर एकटा जात नाही."

त्याच्या डाव्या हाताला, अंगठा धरून, साडेतीन.
विचारलं तर तो सांगत नाही.
कर्टूमामीने सांगितलं, पिठाचे हात झटकत:
चौकटींच्या कडेच्या पट्ट्या कापत होता,
दोनशे कापायच्या, एकशे नव्व्याण्णव झाल्या होत्या.
कॉफीला हाक मी मारली, ती म्हणाली,
आणि मग ओट्यावरचं पीठ
बराच वेळ पुसत राहिली.

म्हणून आता आमच्याकडे पट्ट्या सुट्या कापत नाहीत.
आधी जाड ठोकळा. त्यालाच सगळ्या खाचा.
मग ठोकळ्याची कापं काढायची, पावासारखी,
आणि मुठीएवढा उरला की
स्टोव्हमध्ये.
"पण त्यात अजून सहा निघतील!"
"निघतील," तो म्हणतो, आणि स्टोव्हचं दार उघडतो.

फळीच्या मागे उभं राहायचं नाही. बाजूला.
फळी पात्याला चिमटली
तर करवत ती परत पाठवते,
आणि तिला एकच पत्ता ठाऊक असतो.
पातं फळीच्या वर दाताएवढंच.
पातं बदलताना आधी प्लग काढायचा,
काढून खिशात ठेवता येत नाही
म्हणून खुर्चीवर, डोळ्यांसमोर ठेवायचा.

ढकलकाठी मेपलची, त्यानेच घडवलेली,
मूठ माझ्या हाताच्या मापाची.
टोकाला पात्याचे चावे.
मी ते कधीकधी मोजते. अकरा.
अकराही मला हवे होते.

माश्यांचं मला कधी भय वाटलं नाही असं नाही.
पण माशी आधी सांगते:
आवाज चढवते, कपाळावर येऊन आदळते,
मग पुन्हा एकदा,
तेवढ्यात माणसाने मागे व्हावं.
करवतीचा आवाज मात्र
लाकडात असताना आणि हातात असताना
एकच, असं तो म्हणाला.
त्या बाबतीत तो एवढंच बोलला आहे.

दोन चौकटींमध्ये तीन अष्टमांश इंच सोडायचं.
जास्त सोडलं तर माश्या तिथे पोळं बांधतात,
कमी सोडलं तर राळेने लिंपून टाकतात.
मी मापपट्टी ठेवते, पेन्सिलीची रेघ ओढते,
पुन्हा मोजते.
लहानपणी गणितात शिकलेलं
'हातचा एक' त्या वेळी उगाच आठवतं.

मार्चच्या नऊ तारखेला एक फळी सुटली.
मी बाजूला उभी होते.
ती माझ्या कमरेपासून वितीवरून गेली
आणि दाराला लागली, दार हललं,
खिळ्यावरचा कंदील बराच वेळ झुलत राहिला.
मामाने बटण दाबून करवत बंद केली.
पातं थांबेपर्यंत आम्ही दोघं पात्याकडे पाहत होतो,
त्याला फार वेळ लागतो थांबायला.
मग त्याने कानामागची पेन्सिल काढली,
दाराच्या त्या खड्ड्याखाली तारीख लिहिली.
तिथे आणखी एक तारीख होती. जुनी, पुसट.

"कॉफी," तो म्हणाला.
अजून चार फळ्या कापायच्या होत्या.
आम्ही गेलो.

मे महिन्यात पेट्या उघडतो.
त्याच्या हातमोज्याची दोन बोटं
मामीने अर्ध्यावर दुमडून शिवली आहेत,
माशी आत शिरून गोंधळू नये म्हणून.
एका पेटीचा कोपरा जरा वाकडा बसला आहे,
नऊ मार्चनंतरची ती पहिली.
माश्यांनी फट लिंपून घेतली आहे.
मामा तिथे अंगठा फिरवतो,
अंगठ्याला चिकटलेली राळ
पँटला पुसतो,
आणि पुढची पेटी उघडतो.